बीनबॅगमधले थर्माकोलचे दाणे खरंच पाणी शोषतात का?

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, पीएच.डी. करणाऱ्या माणसाला बीनबॅगवर लिहायची वेळ का आली! पण शेवटपर्यंत वाचा. पेट किंवा नेटची तयारी करताना "संशोधन प्रश्न कसा मांडायचा" यावर आपण पानंच्या पानं वाचतो. प्रत्यक्षात एखाद्या साध्या वस्तूवर तो प्रश्न लावून बघितला की जास्त समजतं. आज तेच करूया.

पावसाळ्यात बीनबॅगबद्दल घरोघरी तीन तक्रारी ऐकू येतात. एक, बॅग जड लागते. दोन, बॅग बसली, म्हणजे पूर्वीसारखी फुगीर राहिली नाही. तीन, कुबट वास येतो. आणि तिन्हींचं कारण एकच सांगितलं जातं: "आतल्या थर्माकोलच्या दाण्यांनी ओलावा धरला."

आता इथेच थांबा. तीन निरीक्षणं आणि एक कारण. हे कारण बरोबर असेलही. पण तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच ऋतूत दिसल्या म्हणून त्यांचं मूळ एकच आहे, असं होत नाही. आपण प्रत्येक तक्रार सुटी करून तपासू.

दाणा आतून असतो कसा?

थर्माकोल हे मुळात व्यापारी नाव, पण आपल्याकडे आता तेच रूढ झालंय. गणपतीच्या मखरामुळे हा पदार्थ प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. शास्त्रीय नाव एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन, थोडक्यात ईपीएस.

पॉलिस्टायरीनची गोष्ट जुनी आहे. १८३९ साली बर्लिनमधल्या एडुआर्ड सिमॉन या औषधविक्रेत्याने एका झाडाच्या राळेपासून स्टायरीन वेगळं केलं आणि ते ठेवल्यावर घट्ट होतं हे पाहिलं. हे घट्ट होणं म्हणजे रेणूंची लांब साखळी तयार होणं, हे हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० च्या दशकात मांडलं. त्या कामासाठी त्यांना १९५३ चं नोबेल मिळालं. पुढे १९५० च्या सुमारास जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी याच प्लास्टिकचा फुगवलेला अवतार तयार केला. आणि १९६८ मध्ये इटलीत गात्ती, पाओलिनी आणि तेओदोरो या तिघांनी झानोत्ता कंपनीसाठी "साक्को" नावाची खुर्ची केली. आजच्या बीनबॅगची ती पूर्वज. पोतं आणि आत हेच दाणे.

दाणा बनतो कसा? पॉलिस्टायरीनच्या बारीक कणांमध्ये पेंटेन हा द्रव थोड्या टक्क्यांत मुरवलेला असतो. त्यावर पाण्याची वाफ सोडली की प्लास्टिक मऊ होतं, पेंटेनचा वायू होतो आणि कण फुगून मूळ आकारमानाच्या ४०-५० पट होतो. साबुदाणा तळताना फुगतो तसंच काहीसं. थंड झाल्यावर आत हजारो बंद कप्पे राहतात. हळूहळू पेंटेन बाहेर जातो आणि हवा आत येते.

घन पॉलिस्टायरीनची घनता घनमीटरला साधारण १०५० किलो. फुगलेल्या एका दाण्याची घनता आपण २० किलो धरू. म्हणजे दाण्यात प्लास्टिक जेमतेम २ टक्के आणि हवा ९८ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावर फिरणार आहे.

पाणी बसणार कुठे?

"दाणे पाणी शोषतात का?" हा प्रश्न असा विचारला तर त्याचं उत्तर देता येत नाही, कारण तो फार ढोबळ आहे. आधी विचारायचं, की पाण्याला बसायला बॅगेत जागा किती आणि कुठल्या? मोजून बघू.

हिशेबासाठी एक बॅग घेऊ: ३ किलो दाणे, भरल्यावर २५० लिटर जागा व्यापणारे. गोल दाणे कसेही ओतले तर ते साधारण ६० टक्के जागा घेतात आणि ४० टक्के फटी राहतात. म्हणजे १५० लिटर दाणे आणि १०० लिटर फटी. आता पावसाळ्यातली हवा घ्या: ३० अंश सेल्सिअस, आर्द्रता अगदी १०० टक्के. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं.

पहिली जागा, प्लास्टिकच्या आत. पॉलिस्टायरीनच्या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याच्या रेणूला हात धरायला तिथे काहीच नाही. नायलॉनमध्ये अमाइड गट असतात, त्यामुळे नायलॉन ६ पाण्यात भिजून वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी घेऊ शकतं. पॉलिस्टायरीन मात्र चोवीस तास पाण्यात ठेवलं तरी साधारण ०.०३ ते ०.१ टक्काच घेतं. ३ किलोवर हिशेब करा: १ ते ३ ग्रॅम.

दुसरी जागा, दाण्याच्या बंद कप्प्यांतली हवा. १५० लिटर हवा पूर्ण बाष्पाने भरली असं धरलं तरी साडेचार ग्रॅम.

तिसरी जागा, दाण्यांमधल्या फटी. १०० लिटर, म्हणजे ३ ग्रॅम.

बेरीज करा. अगदी उदारपणे धरूनही १०-११ ग्रॅम. ३ किलोच्या बॅगेत हे अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि उन्हाळ्यातली हवाही काही पूर्ण कोरडी नसते, त्यामुळे दोन ऋतूंमधला फरक याहूनही कमी. हाताला हा फरक कळणं शक्य नाही.

चौथी जागा आपण विसरतो ती म्हणजे कव्हर. एक किलोचं सुती कव्हर असेल तर ६५ टक्के आर्द्रतेला कापूस स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतो. आर्द्रता ९० च्या पुढे गेली की हे प्रमाण १५ टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे नुसत्या कापडात ७० ग्रॅमची भर! आतल्या सगळ्या दाण्यांच्या कितीतरी पट. पॉलिएस्टरचं कापड असेल तर मात्र ते अर्धा टक्काही धरत नाही.

तर पहिला निष्कर्ष: हवेतल्या ओलाव्याने दाणे जड होत नाहीत. पावसाळ्यात बॅगेचं वजन थोडं वाढलं असेल तर आधी कव्हरकडे बघा.

या पद्धतीला आपल्या क्षेत्रात अंदाजी हिशेब म्हणतात. प्रयोगाला हात घालण्याआधी कागदावर "जास्तीत जास्त किती?" एवढं काढायचं. यातून काय मिळतं? उद्या कोणी सांगितलं, की दमट हवेत दाण्यांचं वजन २०० ग्रॅमने वाढलं, तर तुम्हाला लगेच कळतं, की हे बाष्प नाही. कुठेतरी द्रव पाणी शिरलंय किंवा मोजण्यात गडबड आहे.

"टक्के" म्हणजे कशाचे टक्के?

आता तुम्ही म्हणाल, इंटरनेटवर तर ईपीएस २ ते ४ टक्के पाणी शोषतं असं लिहिलेलं सापडतं. आणि वर मी ०.१ टक्का म्हणतोय. कोण बरोबर?

दोन्ही बरोबर. फरक आहे तो भाजकात.

प्लास्टिकचा ०.१ टक्का हा वजनाचा आहे. ईपीएसच्या पाट्यांसाठीचे आकडे बहुतेक वेळा आकारमानाचे असतात. अमेरिकेतल्या एएसटीएम सी ५७८ या मानकात उष्णतारोधक पाटी पाण्यात बुडवून ठेवल्यावर किती पाणी चालेल, याची मर्यादा आकारमानाच्या टक्क्यांत दिली आहे. घनमीटरला साधारण १५ किलोच्या हलक्या प्रकाराला ४ टक्के, २९ किलोच्या भारी प्रकाराला २ टक्के. आपल्याकडे अशा पाट्यांसाठी आयएस ४६७१ हे मानक आहे.

आता ते ४ टक्के वजनात बदलून बघा. एक घनमीटर पाटीचे ४ टक्के म्हणजे ४० लिटर, म्हणजेच ४० किलो पाणी. पाटीचं स्वतःचं वजन १५ किलो. म्हणजे वजनाच्या हिशेबाने ते २६७ टक्के झाले! "फक्त ४ टक्के" आणि "तब्बल २६७ टक्के" ही दोन्ही वाक्यं एकाच पाटीबद्दल, एकाच दिवशी खरी आहेत. विकणारा पहिलं सांगेल, विरोधक दुसरं सांगेल.

त्यामुळे कुठलाही शोधनिबंध वाचताना टक्केवारी दिसली की समासात पेन्सिलीने लिहा: "कशाचे?" वजनाचे की आकारमानाचे? कोरड्या वजनाचे की ओल्या? किती तास बुडवून? मुलाखतीत किंवा व्हायवात परीक्षक नेमका हाच प्रश्न टाकतात, आणि फुगीर, सच्छिद्र पदार्थांवर काम करणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

आणखी एक गोष्ट बघा. हे पाणी प्लास्टिकमध्ये शिरलेलं नाही. पाटीत दाणे एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि त्यांच्या मधल्या बारीक वाटांमध्ये पाणी जाऊन बसतं. भारी पाटीत या वाटा कमी, म्हणून मर्यादाही कमी.

वेळेचा प्रश्नही आहेच. नॉर्वेत १९७२ पासून रस्त्यांच्या भरावात ईपीएसचे मोठे ठोकळे वापरतात, कारण खालची माती मऊ असते आणि भराव हलका हवा असतो. अनेक वर्षांनी असे ठोकळे उकरून तपासले, तेव्हा निचरा होणाऱ्या जागेतल्या ठोकळ्यांत पाणी फारच थोडं होतं आणि कायम भूजलाखाली राहिलेल्या ठोकळ्यांत बरंच जास्त. पदार्थ तोच, परिस्थिती वेगळी. म्हणून "ईपीएस पाणी शोषतं का?" याचं उत्तर "कुठल्या परिस्थितीत, किती काळ" हे जोडल्याशिवाय पूर्ण होत नाही. तुमची बीनबॅग भूजलाखाली नाही, ती हॉलमध्ये आहे.

पण कपभर चहा सांडला तर?

बाष्प आणि द्रव पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे चित्र बदलतं.

आपल्या बॅगेतला दाणा ३ मिलीमीटर व्यासाचा धरा. १५० लिटर दाण्यांचा एकूण पृष्ठभाग किती भरतो, सांगा बरं? साधारण ३०० चौरस मीटर. म्हणजे चार-पाच टू-बीएचके फ्लॅटच्या चटईक्षेत्राएवढा! या सगळ्यावर सरासरी एक मायक्रॉन जाडीचं पाणी राहिलं तरी ते ३०० मिलिलिटर होतं. दाण्यांच्या वजनाच्या १० टक्के. म्हणजे आत एकदा पाणी गेलं, की दाण्याने ते "शोषलं" नसलं तरी बॅग जड लागणारच. पाणी दाण्याच्या अंगावर आहे, पोटात नाही.

प्रत्यक्षात पाण्याचा असा सलग थर होत नाही. पॉलिस्टायरीनवर पाणी पसरत नाही, थेंब उभा राहतो. स्पर्शकोन ९० अंशांच्या आसपास असतो. पण दोन दाणे जिथे टेकतात तिथे पाण्याचा छोटा पूल तयार होतो आणि तो दाण्यांना एकमेकांकडे ओढतो. ही ओढ तशी नगण्य. पण ३ मिलीमीटरच्या दाण्याचं वजन सुमारे ०.२८ मिलिग्रॅम आहे. स्पर्शकोन ८५ अंश धरून हिशेब केला तर ओढ दाण्याच्या वजनाच्या जवळपास २० पट येते. म्हणून ओले दाणे गठ्ठ्याने निघतात. त्यात साबण, घाम, चहातलं दूध असेल तर पाणी आणखी पसरतं आणि गठ्ठे जास्त घट्ट होतात. पण ६० किलोचा माणूस वर बसला की हे गठ्ठे क्षणात मोडतात. त्यामुळे बसण्याच्या आरामावर याचा परिणाम जवळजवळ शून्य.

मग वाळायला इतका वेळ का? कारण बाष्प वाहून न्यायला हवा लागते. ३० अंशांना आर्द्रता ८० टक्के असेल तर एक घनमीटर हवा आणखी फक्त ६ ग्रॅम पाणी उचलू शकते. ३०० ग्रॅम पाणी उचलायला ५० घनमीटर हवा लागेल. १० बाय १२ च्या खोलीत साधारण ३० घनमीटर हवा असते, म्हणजे दीड खोलीपेक्षा जास्त. आर्द्रता ४० टक्के असेल तर हेच काम १६-१७ घनमीटरमध्ये होतं. पावसाळ्यात तिप्पट हवा लागते, आणि बॅगेच्या पोटातली हवा तर हलतच नाही. दाणे स्वतः उत्तम उष्णतारोधक, त्यामुळे बाहेरची ऊबही आत पोचत नाही.

उपाय सोपा आहे. दाणे मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्यांत थोडे थोडे भरून पंख्याखाली पातळ थरात ठेवा. इस्त्री, हीटर, गरम ड्रायर अजिबात नको. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि फुगलेला दाणा त्याच्या बराच आधी आकसायला लागतो. डाग काढायला थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच नको, त्यात दाणा विरघळतो. आणि घरात लहान मूल असेल तर बॅग त्याच्यासमोर उघडू नका. हे हलके दाणे श्वासाबरोबर आत जाऊ शकतात. चांगल्या बॅगांची चेन सहज उघडत नाही, त्याचं कारण हेच.

मग बॅग बसली ती का?

दुसऱ्या तक्रारीकडे येऊ. बॅग बसण्याची तीन कारणं असू शकतात, आणि त्यात पाणी नाही.

पहिलं, दाण्यांची रचना. ओतलेले दाणे सैल असतात. वापरता वापरता ते एकमेकांच्या फटींत सरकतात. डाळीचा डबा आपटल्यावर डाळ खाली जाते ना, तसंच. यात एकही दाणा खराब होत नाही.

दुसरं, दाणे चेपणं. बसलेल्या माणसाचा सरासरी दाब काढला, ६० किलो वजन आणि ०.१५ चौरस मीटर जागा धरून, तर तो सुमारे ४ किलोपास्कल येतो. घनमीटरला १५ किलोच्या पाटीला १० टक्के दाबायला साधारण ७० किलोपास्कल लागतात. मग दाणे टिकायला हवेत, नाही का? पण पाटी सलग असते, आणि सुट्या दाण्यांत सगळा भार छोट्या स्पर्शबिंदूंवर येतो. शिवाय मुलं बॅगेवर उड्या मारतात. पॉलिस्टायरीन ठिसूळ आहे, कप्प्यांच्या पातळ भिंती एकदा वाकून तडकल्या की परत सरळ होत नाहीत. सतत दाबाखाली कप्प्यांतली हवाही हळूहळू निसटते.

तिसरं, शिवणीतून दाणे गळणं.

आता बघा, आपल्याकडे चार शक्यता झाल्या, आणि चारही ओळखायला फक्त दोन मोजमापं पुरतात, वजन आणि आकारमान:

- वजन तेवढंच, आकारमान कमी, पण झटकल्यावर परत पूर्वीएवढं: दाण्यांची रचना बदलली.
- वजन तेवढंच, आकारमान कमी, झटकूनही वाढत नाही: दाणे चेपले.
- वजन कमी, आकारमानही कमी: दाणे गळले.
- वजन जास्त, आकारमान तेवढंच: ओलावा.

या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. नुसतं आकारमान पाहिलं असतं तर पहिल्या तीन शक्यता वेगळ्या करता आल्या नसत्या. नुसतं वजन केलं असतं तर पहिल्या दोन सुटल्या असत्या. "काय मोजू?" हे ठरवताना स्वतःला विचारा: माझ्या प्रत्येक गृहीतकानुसार हे मोजमाप वेगळं यायला हवं का? सगळ्या गृहीतकांत ते सारखंच येणार असेल, तर ते कितीही अचूक मोजलं तरी उपयोग नाही. सिनॉप्सिस लिहिताना हा तक्ता आधी काढा, उपकरणांची यादी नंतर.

वास कशाचा?

तिसरी तक्रार. बुरशीला खायला काहीतरी लागतं. पॉलिस्टायरीन हे तिचं नेहमीचं अन्न नाही. सुती कापड, धूळ, त्वचेचे कण, चिवड्याचे तुकडे हे मात्र तिला आवडतं. त्यात पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ही परिस्थिती रोजचीच. त्यामुळे वास बहुतेक वेळा कव्हरचा आणि आतल्या कचऱ्याचा असतो. दाणे बदलून जुनंच कव्हर घातलं तर महिन्याभरात वास परत येतो, त्याचं हे कारण.

आणखी एक. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं कृत्रिम चामडं काही वर्षांनी पापुद्रे सोडतं, हे तुम्ही सोफ्यावर पाहिलं असेल. तिथे ओलावा खरोखर रासायनिक काम करतो. अशा पॉलियुरेथेनमध्ये, विशेषतः एस्टर प्रकारात, पाण्याने तुटणारे बंध असतात. त्याला जलअपघटन म्हणतात. पॉलिस्टायरीनच्या कार्बन-कार्बन साखळीत असा बंधच नाही. म्हणजे बीनबॅगमध्ये ओलाव्याने बिघडणारी वस्तू आहे, पण ती बाहेर आहे, आत नाही.

आणि गंमत म्हणजे दमट हवेचा दाण्यांवर जो परिणाम चटकन दिसतो, तो फायद्याचा आहे! हिवाळ्यात कोरड्या हवेत दाणे हाताला, कपड्यांना, पिशवीला चिकटतात, कारण घासून तयार झालेला विद्युतभार निघून जात नाही. दमट हवेत तो लवकर ओसरतो. बॅग भरायची असेल तर पावसाळ्यातला दिवस सोयीचा.

करून बघायचं असेल तर

एम.एस्सी.च्या छोट्या प्रकल्पासाठी हा विषय छान आहे. खर्च जवळजवळ नाही. हवाबंद डब्यात ठरावीक आर्द्रता मिळवायला क्षारांची संपृक्त द्रावणं वापरतात. २५ अंशांना साध्या मिठाचं द्रावण सुमारे ७५ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के आणि पोटॅशियम सल्फेट ९७ टक्के आर्द्रता देतं. तीन डबे, प्रत्येकात दाण्यांचे निदान तीन-तीन नमुने, आणि तुलनेसाठी सिलिका जेलचा एक कोरडा डबा.

पण दोन सापळे आधीच सांगून ठेवते.

एक, ताज्या दाण्यांत पेंटेन शिल्लक असतो आणि तो काही दिवस बाहेर पडत राहतो. ओलाव्याने वजन वाढतंय आणि पेंटेनमुळे घटतंय, असं एकाच वेळी चाललं तर काट्यावर "काहीच बदल नाही" दिसेल. कोरडा डबा त्यासाठीच हवा.

दोन, हवेचा उत्प्लावक बल. लोखंड तोलताना आपण त्याचा विचारही करत नाही. पण दाण्याची घनता घनमीटरला २० किलो आणि हवेची सुमारे १.२ किलो. म्हणजे हवा दाण्याला त्याच्या वजनाच्या ६ टक्के वर उचलून धरते! खोलीचं तापमान २० वरून ३० अंशांवर गेलं की हवेची घनता १.२० वरून १.१६ च्या आसपास येते, आणि काट्यावरचं वजन जवळपास ०.२ टक्क्याने वाढलेलं दिसतं. पाण्याचा एक थेंबही न घेता. कारण बंद कप्प्यांतली हवा तेवढ्या वेळात बाहेरच्या हवेशी जुळत नाही. आणि आपण शोधतोय तो परिणाम किती? ०.१ टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे खोलीचा एसी चालू-बंद झाल्याने येणारा फरक आपल्या उत्तरापेक्षा मोठा. त्यामुळे तापमान, दाब, आर्द्रता प्रत्येक वेळी नोंदवा आणि दुरुस्ती करा.

महागडा काटा असला की अचूक उत्तर मिळतं, असं आपल्याला वाटतं. काटा चार दशांशांपर्यंत बरोबर दाखवेलही. पण तो नेमकं काय दाखवतोय, पाणी, पेंटेन की हवेची घनता, हे ठरवणं तुमचं काम आहे.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. वरचाच हिशेब तुमच्या घरातल्या उशीसाठी करा. एक कापसाची आणि एक पॉलिएस्टर फायबरची. ओलाव्याला बसायला जागा कुठल्या, प्रत्येकीत जास्तीत जास्त किती ग्रॅम, आणि दोन उशांमधला फरक घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसेल का? आधी आकडा कागदावर लिहा, मगच उशी तोला. आकडा आणि काटा जुळले नाहीत तर तुमच्या हिशेबातली कुठली जागा राहून गेली ते शोधा.